वळणावर बसलेल्या वकीलबाई

भाटकर वकीलबाई गेल्याचं मला सावंत वकिलांनी कळवलं. सावंत हे विमा कंपनीचे वकील. त्यांची बरीचशी वकिली बाईंच्या समोरच्या बाजूला उभं राहून झाली. मी दुपारी कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. बातमी सांगून ते म्हणाले, "बाररूममध्ये शोकसभा ठेवलीय. कोणीतरी त्यांच्याबद्दल नीट लिहून आणायला हवं. मी लिहिलं तर लोक म्हणतील, जन्मभर भांडला आणि आता गोड बोलतोय. तुम्ही लिहा. तुमचं पुस्तकांशी बरं असतं."

सभेसाठी माझ्याकडून काही लिहून झालं नाही. सभा झाली, लोक बोलले, फोटोला हार घातला गेला. मला लिहायला वेळ लागतो. शिवाय ज्या बाईशी आपली ओळख घरातल्या एका मृत्यूमुळे झाली, तिच्याविषयी लिहिणं सोपं नसतं. बाईंविषयी लिहायला बसलो की मिलिंद समोर येऊन उभा राहतो.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. शिमग्याच्या दिवसांत एका सकाळी पावस गावाच्या बाजूला एका बोटीचं काम आटोपून तो मोटारसायकलवरून घरी येत होता. एका वळणावर समोरून आलेल्या मोटारीची त्याला धडक बसली. मोटार मुंबईहून सणासाठी गावी आलेल्या एका गृहस्थांची होती आणि तेच ती चालवत होते. मिलिंद हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही. नंतर पोलीस जागेवर गेले, तेव्हा त्याची मोटारसायकल रस्त्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे त्याच्या दृष्टीने चुकीच्या बाजूला, जांभ्या दगडाच्या बुटक्या कुंपणापाशी, गडग्यापाशी, मिळाली. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. मोटारवाल्यांनी जबाब दिला की मुलगाच त्यांच्या अंगावर आला. गुन्हा मिलिंदवर दाखल झाला. मेलेल्या माणसावर गुन्हा दाखल होऊ शकतो, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं.

समाचाराला येणारी माणसं चांगलीच होती. पण उठता उठता एखादा म्हणायचाच, "जरा आपल्या बाजूने चालवली असती तर..." आई ते ऐकून आत निघून जायची. मग कुणी नसताना मला विचारायची, "तो असा कसा तिकडे जाईल?" भरपाईचा विचार आमच्या मनात उशिरा आला आणि तोही दुसऱ्यांनी सुचवला म्हणून. आईला एवढंच कळायला हवं होतं की तिचा मुलगा आपल्या बाजूने येत होता की नव्हता.

बाईंचं ऑफिस कोर्टामागच्या गल्लीत, एका शिंप्याच्या दुकानावर होतं. एकच खोली. खालच्या शिलाई मशीनची घरघर दिवसभर वर यायची. बाई ठेंगण्या, रंगाने सावळ्या, आणि आवाज असा की जिन्यातच आम्हाला त्यांचं अर्धं बोलणं ऐकू आलं. तो आवाज कुठून आला, हे त्या स्वतःच सांगायच्या. "माझी आई मासळी बाजारात बसायची. तिथे हळू बोलणाऱ्याचं पापलेट संध्याकाळपर्यंत टोपलीतच राहतं."

मी कागदांचं भेंडोळं पुढे केलं, ते त्यांनी हाताने बाजूला सारलं.

"कागद कुठे पळून जात नाहीत. तो गाडी कशी चालवायचा, ते सांगा."

"चांगली चालवायचा," मी म्हणालो.

"तुम्ही त्याच्या मागे कधी बसलात?"

मी बसलो नव्हतो. मी चालत जाणारा माणूस.

"मग तुम्ही गप्प बसा. मावशी, तुम्ही सांगा."

आई म्हणाली, "माझा पोरगा सज्जन होता हो."

"सज्जन माणसंपण वळणावर ओव्हरटेक करतात. मी रोज बघते. कसा चालवायचा?"

आई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, "देवाच्या मनात होतं, झालं."

"देवाला प्रतिवादी करता येत नाही, मावशी. त्याचा विमा नसतो." हे बोलून बाईंना आपण जरा जास्तच बोललो असं वाटलं असावं, कारण त्यांनी उठून स्वतः आईला पाणी दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आधी आपली चूक बघायची असते. असली तर केवढी, नसली तर नाही. आपण बघितली नाही तर समोरचे बघतात, आणि ते सढळ हाताने मोजतात."

दुसरी भेट भांडणात संपली. माणूस अविवाहित असला तर तो आपली अर्धी कमाई स्वतःवर खर्च करतो असं कायदा धरून चालतो, आणि भरपाई उरलेल्या अर्ध्यावर ठरते. बाईंनी हे समजावून सांगितलं आणि आई उसळली.

"अर्धी? स्वतःवर? तो चहासुद्धा बाहेर पीत नव्हता. घरी येऊन प्यायचा. दोन शर्टांवर वर्ष काढायचा. कोण बोलला अर्धी?"

"कायदा बोलला."

"त्या कायद्याला एकदा माझ्याकडे पाठवा जेवायला."

बाई आधी हसल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, कायद्याला तुमचा मिलिंद माहीत नाही. त्याला सगळ्यांची मुलं सारखीच. मी तिथे उभी राहून सांगीन, हा चहासुद्धा घरी प्यायचा. जजसाहेब ऐकून घेतील, आणि तरी अर्धी कापतील. हे तुम्हाला आजच सांगते. मी सगळं लढून आणते असं समजून नंतर माझ्यावर रागावू नका."

आई तरीही रागावलीच. जिना उतरताना मला म्हणाली, "ही आपल्या बाजूची आहे ना नक्की?"

हा प्रश्न बाईंच्या बहुतेक अशिलांना कधी ना कधी पडला असावा. त्यांच्याविषयी गावात एक गोष्टही सांगितली जायची: त्यांच्या घरातलं कोणीतरी अपघातात गेलं, म्हणून त्या हीच कामं घेतात. पुढे ओळख वाढल्यावर मी त्यांना एकदा चाचरत विचारलं. त्या इतक्या मोकळ्या हसल्या की खालच्या शिंप्याने मशीन थांबवलं.

"कोणी नाही हो गेलं. सुरुवातीला जमिनीचेच दावे चालवायचे. दोन भाऊ, मधे एक फणस. आजोबांच्या वेळचा दावा, नातू चालवतोय. एक दिवस कंटाळा आला. अपघाताच्या दाव्यात निदान दोन्ही बाजू एकमेकांना ओळखत नसतात. वैर नसतं. एक वाईट सकाळ असते, आणि ती नक्की कशी घडली ते शोधायचं असतं. मला ते आवडतं. आवडतं म्हणणं बरं नाही, पण आवडतं."

मोटार चालवणाऱ्याबद्दल त्या कधी वाईट शब्द वापरत नसत. आई त्या मुंबईच्या गृहस्थांना काहीबाही बोलली की बाई म्हणायच्या, "त्यालाही रात्री झोप लागत नसेल. त्याची शिक्षा बघणारं कोर्ट वेगळं. आपल्याला इथे एवढंच ठरवायचंय, चूक कोणाची आणि भरून कोणी द्यायचं." आईला हे पटत नसे. खरं सांगायचं तर मलाही पटत नसे.

कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही तारखेला बसलेलो असताना त्यांचा एक रिक्षावाला अशील तिथे असायचा. अपघातात त्याचा उजवा पाय घोट्यात मोडला होता आणि वाकडा जुळला होता. एका तारखेला त्याची साक्ष होती. आत जाण्याआधी तो व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालण्याचा सराव करत होता, आणि प्रत्येक खेपेला जास्त लंगडत होता. बाई खांबाआड उभ्या राहून ते बघत होत्या.

"काय रे, गेल्या तारखेला पाय बरा होता तो आज इतका बिघडला?"

"बाई, साहेबांना दिसायला नको?"

"जेवढा लंगडा आहेस तेवढाच लंगड. यापेक्षा एक पाऊल जास्त लंगडलास तर मी तुझं काम सोडून घरी जाईन. नाटक कंपनीत आहेस काय?"

तो ओशाळून बाकावर बसला. पुढे सावंतांनी कोर्टात म्हटलं की अपंगत्व किरकोळ आहे, माणूस चालतो-फिरतो. बाईंनी डॉक्टरांच्या दाखल्यावर वाद घातलाच नाही. त्यांनी फक्त विचारलं, रिक्षाचा ब्रेक कोणत्या पायाने दाबतात? रिक्षावाला म्हणाला, उजव्या. बाई खाली बसल्या. हाच पाय एखाद्या कारकुनाचा असता तर त्याचं खुर्चीवर बसून निभावलं असतं. या माणसाचा धंदा त्या पायातच होता. सावंतांनी बाहेर येऊन मला हे कौतुकाने सांगितलं. मग सावंत आणि बाई व्हरांड्याच्या कठड्यावर बसले आणि बाईंच्या डब्यातले घावणे खाल्ले. सावंतांना डायबेटीस होता, म्हणून बाई त्यांना नारळाच्या गोड रसाला हात लावू देत नसत. "तुम्हाला काही झालं तर कंपनी पैसे देणार नाही, मला माहीत आहे," असं म्हणायच्या.

रस्ता बघितल्याशिवाय दाव्याच्या अर्जावर सही करायची नाही, असा बाईंचा नेम होता. त्यासाठी त्यांनी एक घडीचं स्टूल घेतलं होतं. ज्या सुमारास अपघात झाला त्याच सुमाराला त्या जागेवर जाऊन बसायच्या, डोक्यावर छत्री धरून. कधी तासभर, कधी दुपार कलेपर्यंत. ऊन कोणाच्या डोळ्यांवर येतं, उताराला गाड्या किती वेग घेतात, समोरचं वाहन कुठून दिसायला लागतं, हे सगळं त्या नुसतं बसून बघायच्या. आमच्या वेळी त्यांनी आम्हा दोघांनाही बरोबर घेतलं. आई यायला तयार नव्हती. बाई म्हणाल्या, "मी ओढत नेणार नाही. पण ती जागा तुम्ही मनात रोज बघता. एकदा डोळ्यांनी बघा. मनातली जास्त वाईट असते."

एसटीने जातानाच त्यांनी पंचनामा काढला आणि मला एक ओळ दाखवली. मोटारसायकल गडग्याला टेकून उभी आहे, असं तिथे लिहिलं होतं. ती ओळ मी अनेकदा वाचली होती.

"काय दिसतं?" त्यांनी विचारलं.

"चुकीच्या बाजूला होती."

"अहो, धडक बसलेली गाडी पडते, लोळते, फरफटते. अशी शहाण्यासारखी टेकून उभी राहते? उभं राहायला कोणीतरी हात लावावा लागतो."

मी जन्मभर वाचन केलं असं मानतो. ती ओळ मला वाचता आली नव्हती.

वळण कातळावरून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. एका बाजूला गटार आणि काजूची झाडं, दुसऱ्या बाजूला गडगा आणि त्याच्या आत एक घर, अंगण, मागे आंब्याची बाग. बाईंनी गडग्याच्या कडेला स्टूल टाकलं. आई माझ्याशेजारी दगडावर बसली आणि रस्त्याकडे पाठ करून राहिली. घरातला माणूस दोनदा फाटकापर्यंत येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने विचारलंच.

"रस्ता रुंद करतायत काय? आमची जागा जाणार काय?"

"नाही हो दादा. मी भूसंपादनवाली नाही. वकील आहे."

वकील म्हटल्यावर तो आणखीच घाबरला. पण मागून त्याची बायको आली, पाणी आणि गूळ घेऊन. सुभद्राकाकी. साठीच्या पुढची, उंच, काखेत अजून केरसुणी होती ती तिने फाटकाआड ठेवली. उन्हात बसलेल्या माणसाला आत बोलवायचं नाही, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. आम्ही पडवीत बसलो. बाईंनी अपघाताचं नावही काढलं नाही. मोहोर कसा होता, त्यावर तुडतुड्याची कीड पडली का, वानर किती त्रास देतात, असं सगळं बोलणं झालं. अंगण इतकं स्वच्छ होतं की मी चप्पल फाटकाबाहेर काढून आलो होतो.

बाई म्हणाल्या, "काकी, अंगण काय सुंदर ठेवलंय. गडग्याबाहेरचंसुद्धा झाडता वाटतं?"

"झाडते तर. दारासमोरचा आहे ना. शिमग्यात तो अपघात झाला, तेव्हा पण मीच सगळां झाडलां."

मी आईकडे पाहिलं. ती आधीच काकीकडे बघत होती.

बाईंचा आवाज एकदम लहान झाला. "काय काय झाडलंत?"

काकीने सरळ सांगितलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "मुलाला गाडीत घालून नेलांनी. त्याची मोटारसायकल तिकडे, काजूखाली आडवी पडलेली, अर्धी रस्त्यात. अजून कोण येऊन आपटला असता ना? म्हणून ह्यांनी आणि मी उचलून इकडे आणली. तिकडे गटार, टेकवणार कुठे? इकडे गडगा आहे. मग काचा झाडल्या, गुरांच्या पायात जातात. मग पाणी ओतलां, शेणाचा सडा घातला. माणसाचां रगत तां, तसांच ठेवायचां काय? गाड्यांची चाकां जाणार त्याच्यावरनं."

मिलिंदची बाजू ती काजूखालची होती. तो आपल्या बाजूला पडला होता. तो तिथे पडल्याची प्रत्येक खूण काकीने, मायेने, झाडून पुसून काढली होती, आणि पोलीस आले तेव्हा त्यांना एक स्वच्छ रस्ता आणि चुकीच्या बाजूला टेकवलेली मोटारसायकल मिळाली होती.

बाई हे गोड करून सांगू शकल्या असत्या. नुसती साक्षीची विनंतीही करू शकल्या असत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काकी, तुम्ही केलंत ते चांगल्या मनाने केलंत. पण त्याने काय झालं ते तुम्हाला माहीत असायला हवं. मोटारसायकल इकडे दिसली म्हणून पोलिसांनी त्या मुलावरच गुन्हा घातला. तो राँग साइडला होता असं लिहिलं गेलं. ही त्याची आई."

काकीचा हात तोंडावर गेला. तिचा नवरा उठून उभा राहिला. "आमी काय मुद्दाम केलां? चोरी केली काय आमी? उद्या पोलीस आमालाच आत टाकतील, पुरावा मिटवला म्हणून. तुमी जा बघू. आमाला कोर्ट नको."

बाई उठल्या. त्यांनी छत्री हातात घेतली. मला वाटलं, इथे संपलं.

आई उठली नाही. ती काकीला म्हणाली, "तुम्ही त्याच्या तोंडात पाणी घातलंत काय?"

काकीने मान हलवली. "घातलां. डोकां मांडीवर घेतलां आणि घातलां. थोडां गेलां आत."

"बोलला काय?"

"नाय. पण डोळे उघडे होते. माझ्याकडेच बघीत होता."

आई काकीच्या शेजारी जाऊन बसली. दोघी बराच वेळ तशाच बसून राहिल्या, एकमेकींना हात न लावता. नवरा अंगणात फेऱ्या मारत होता. आम्ही निघालो तेव्हा काकी फाटकापर्यंत आली आणि बाईंना म्हणाली, "कधी यायचां, कळवा. हे ओरडू देत."

बाईंनी तिला साक्षीसाठी काहीही पढवलं नाही. एवढंच सांगितलं, की जे बघितलंत ते बोला, विचारलं तर लपवू नका. भातकापणी संपल्यावर तिची तारीख लागली. ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवीत आमच्यासाठी आमसुलं घेऊन ती एसटीने एकटीच आली. पिंजऱ्यात उभी राहिल्यावर तिने आधी न्यायाधीशांना नमस्कार केला, मग सावंतांना, मग टायपिस्टलाही केला.

सावंतांनी उलटतपासणीत विचारलं, "इतके महिने गप्प का बसलात?"

"कोणी विचारलांच नाय."

"पोलीस आले होते ना?"

"आले. गाडी कुठे आहे ती त्यांना समोर दिसत होती, मग ते आमाला विचारतील कशाला?"

न्यायाधीश हसले. सावंतांनी चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न टाकला. मोटारसायकल किती वेगात होती?

काकीने मागे वळून आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी अंगणातच होते. मोटार वळण कापून त्याच्या बाजूला गेली, तां मी डोळ्यांनी बघितलां. पण पोरगापण जोरात होता. खोटां कशाला बोलू? हळू असता तर बाजूला घेता आला असता, काय सांगावां."

माझ्या शेजारची जागा रिकामी झाली. आई उठून बाहेर गेली होती.

व्हरांड्यात ती कठड्याकडे तोंड करून उभी होती. काकीने आमसुलांची पिशवी बाकावर ठेवली, पण आईने वळून पाहिलं नाही. काकी पावसच्या एसटीसाठी निघून गेली. बाईंनी डबा उघडला, आईसमोर धरला.

"तुम्हाला माहीत होतं काय, ती असं बोलणार?" आईने विचारलं.

"होतं. पहिल्या दिवशीच, तुम्ही पुढे गेल्यावर फाटकाशी, मी तिला एकटीला विचारून घेतलं होतं."

"मग आणलीत कशाला?"

"ती आपल्या विरुद्धपण एक गोष्ट बोलली, म्हणून साहेब तिच्या बाकीच्या गोष्टी खऱ्या मानतील." बाईंनी डबा तसाच पुढे धरून ठेवला. "आणि मावशी, ते खरं असेल तर मी त्याचं काय करू?"

आईने डब्याला हात लावला नाही. त्यानंतर ती बाईंकडे येईनाशी झाली. मी एकटाच तारखांना जात राहिलो. त्याच काळात कधीतरी बाईंचा आवाज बसायला लागला. त्या आधी सर्दी म्हणाल्या, मग काहीच म्हणेनाशा झाल्या. वजन उतरलं. शेवटचा युक्तिवाद त्यांनी खुर्चीवर बसून केला, आणि सावंतांनी आपलं बोलणं बरंच आटोपतं घेतलं.

निकाल लागला त्या दिवशी त्यांनी मला ग्रंथालयात फोन केला. काय लागला ते सांगितलं नाही. "संध्याकाळी घरी येते," एवढंच.

आमचं घर उतारावर आहे, वीसेक जांभ्याच्या पायऱ्या चढून यावं लागतं. मी खाली थांबलो होतो, पण त्यांनी माझा हात घेतला नाही. मधे दोनदा बसल्या. साडी अंगावर नुसती गुंडाळल्यासारखी दिसत होती. मी म्हणालो, "निकालाची प्रत माझ्याकडे दिली असतीत, मी वाचून दाखवला असता."

"तुम्ही वाचलात तर त्यांना वाटेल, मुलगा समजूत काढतोय."

आईने दार उघडलं आणि त्यांना बघून तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठे गेला ते तिलाही कळलं नसावं. "काय ही दशा करून घेतलीत?" ती म्हणाली आणि पाट मांडायला गेली. बाई पाटावर न बसता खुर्चीवर बसल्या आणि त्याबद्दल माफी मागितली. निकाल इंग्रजीत होता. पानं उलटत त्यांनी मराठीत सांगायला सुरुवात केली. त्यांचा तो बाजारातला आवाज आता जेमतेम कुजबुजीएवढा उरला होता. आई खुर्चीजवळ सरकून खाली बसली. मोटारवाल्याने वळणावर आपली बाजू सोडली, हे सिद्ध झालं. मोटारसायकल आपल्या बाजूला होती, हे सिद्ध झालं. साक्षीदार बाई विश्वासार्ह आहे.

"म्हणजे तो आपल्या बाजूनेच येत होता?"

"आपल्या बाजूनेच."

"साहेबांनी तसं लिहिलंय?"

"लिहिलंय."

"कसं लिहिलंय तसं वाचा."

"इंग्रजीत आहे, मावशी."

"असू दे. तसंच वाचा."

बाईंनी ते वाक्य इंग्रजीत वाचलं, एक एक शब्द सुटा करून. आई डोळे मिटून ऐकत होती. तिला त्यातला एकही शब्द कळत नव्हता. वाक्य संपल्यावर तिने आणखी एकदा वाचायला सांगितलं, आणि बाईंनी आणखी एकदा वाचलं.

मग त्या म्हणाल्या, "पुढेपण एक आहे. ते मी गाळणार नाही. तो जोरात होता, असंही लिहिलंय. थोडा वाटा त्याच्यावर ठेवलाय. भरपाईतून तेवढं कमी होईल."

मी आईकडे बघायचं टाळलं.

"होताच तो," आई म्हणाली. "रोज ओरडायची मी त्याला. गल्लीत शिरला की कोंबड्या उडायच्या. हळू ये रे मेल्या, म्हणून घसा कोरडा व्हायचा माझा." आणि ती रडायला लागली. शिमग्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. रडता रडता मिलिंदला शिव्या घालत होती, तो जिवंत असताना घालायची तशाच. बाई चष्मा काढून, कागद मांडीवर ठेवून ते सगळं शांतपणे ऐकत होत्या. कामाचा शेवटचा भागही नीट पार पडला, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडलं. आत बसायला त्यांना वेळ लागला. बसल्यावर त्यांनी मानेने मला वर जायला सांगितलं, आणि रिक्षावाल्याला त्या दबलेल्या आवाजात काहीतरी बजावताना मी ऐकलं. रिक्षा निघाली ती इतकी हळू की मागून आलेला एक सायकलवाला घंटी न वाजवता तिच्या पुढे गेला. मी वर पाहिलं. आई खिडकीत उभी होती, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत ती त्या रिक्षाकडे बघत राहिली.